चार थर

रोज साठ नळ्या निघतात माझ्या हातून.
निळ्या, काळ्या, एखाद्या ऑर्डरला लाल.
लोखंडी दांड्यावर सिलिकॉनची पट्टी गुंडाळायची,
अंगठ्याने आतली हवा बाहेर ढकलत,
एक थर, दोन, तीन, चार,
वरून नायलॉनच्या फितीने करकचून बांधायचं
आणि भट्टीच्या हवाली.

रबाळ्यात आमच्या चाळीला वाटतं, मी पाण्याचे पाइप करते.
नणंदेने तर मोरीसाठी एक मागितलाही.
पाणी नाही गं, हवा जाते यातून.
हवा कशाला पाइपातून न्यायची, ती म्हणाली,
हवी तेवढी आहे की बाहेर.
मलाही तेव्हा नीट सांगता आलं नाही.

टर्बो मी पाहिलाच नव्हता.
कुट्टनसाहेब सांगायचे, आत पंखा असतो,
धुराच्या जोरावर फिरतो,
इंजिनाच्या घशात हवा कोंबतो.
"आणि कोंबलेली हवा, बाविस्करबाई,
कोंडलेल्या माणसासारखी. फट दिसली की सुटली."

गुरुवारी डिस्पॅचला माणूस नव्हता.
मी बसले पिकअपमध्ये, मांडीवर चलन,
मागे खोक्यांत दोनशे नळ्या.
महापे सुटलं, शिळफाट्याचा चढ लागला
आणि बॉनेटखाली फट्ट.
मग एक लांब सुस्कारा,
मागे काळा धूर, एवढा
की टँकरवाल्याची शिवी ऐकू आली, टँकर दिसला नाही.
मढवी पाय दाबतोय आणि गाडी
चाळीसवरून वीस, विसावरून दहा.
दमच गेला तिचा.

बॉनेट उघडलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा
नळी तिच्या जागेवर बघितली.
आमची नव्हे. गाडीसोबत आलेली रबरी,
तेल पिऊन मऊ पडलेली,
क्लिपच्या कडेला बोटभर उसवलेली.

मढवीने तीन खोकी फोडली.
एकही बसेना.
सगळ्या तीन इंची, कुठल्याशा शर्यतीच्या गाड्यांच्या,
आणि हिला हवी दोनची, मानेत वाकडी.
तो आधी हसला, मग हसेना.
चारला ट्रान्सपोर्टचं शटर पडतं.

माझ्या पिशवीत कापणीचे तुकडे असतात.
खोटं कशाला बोलू, मूठभर नेते रोज.
घरचा नळ त्यानेच बांधलाय, कुकरचा दांडा,
पोराच्या बॅटची मूठ.

तेल असलं की थर धरत नाही.
"पेट्रोल आहे थोडं?"
"बाई, डिझेलची गाडी आहे."
शेवटी त्याने डॅशबोर्डातून डिओ काढला,
नवाकोरा, लग्नाला जायचं म्हणून घेतलेला.
नळी उतरवून कठड्यावर पुसली.
दांड्याऐवजी आत त्याची बॅटरी घातली,
आणि अंगठा सवयीने चालू लागला.
एक, दोन.
ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते.
तीन. चार.

भट्टी नव्हती. इंजिन होतं.
"दम धर," मी म्हटलं, "जोर देऊ नको,
शिजू दे तिला."
गाभण म्हशीच्या चालीने चढलो आम्ही.
बॉनेटमधून डिओचा वास, मोगऱ्याचा की कशाचा,
आणि आवाज नाही.
मी तो नसलेला आवाज ऐकत बसले शिळफाट्यापर्यंत.
चार वाजून दहा. शटर गुडघ्यापर्यंत आलेलं.

सोमवारी साहेबांनी ती नळी काढून घेतली,
दोन्ही तोंडं बंद केली,
कॉम्प्रेसर लावून टाकीत बुडवली.
सगळे जमले. निर्मला, भट्टीवरचा पोरगा, सगळे.
बराच वेळ काही नाही.
मग कडेपासून एक बुडबुडा, मोहरीएवढा,
घाई नसल्यासारखा वर आला.
"नापास," साहेब म्हणाले, आणि नळी
फेकली नाही, टेबलावर ठेवली, पेनं ठेवायला.

संध्याकाळी गेटवर नवा कागद:
जाताना पिशव्या तपासल्या जातील.

घरचा नळ सुटत आलाय पुन्हा.
नणंद म्हणते, तुमच्याकडून एक पाइप आण ना.